दुपारची बाई

दादर,
१२ फेब्रुवारी २०२४

माया,

पाकिटावरचं नाव वाचून तू हे पत्र बहुधा तसंच बाजूला ठेवशील. तसं करू नकोस. मी दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून पत्ता मिळवून लिहिते आहे. सुरुवातीला 'जय भीम' लिहावं असं मनात आलं होतं, पण माझ्या हातचं ते तुला खोटं वाटलं असतं.

पंचेचाळीस वर्षं आपण बोललो नाही. तू काळाचौकीला, मी दादरला. मध्ये अंतर ते किती, टॅक्सीने वीस मिनिटं. तू नर्स झालीस, सिस्टर इनचार्ज झालीस, हे मला कळत होतं. बरं वाटलं होतं. मी दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्ती घेतली. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तात्याही गेले.

मुद्द्याचं लिहिते. माझी मुलगी स्पृहा लोकांना मुंबईतल्या जुन्या वास्तू दाखवत फिरते. गेल्या वर्षापासून त्यात तिने आपला बंगलाही घेतला आहे. टेकडीवरचा, मॅकलिन हाऊस, ज्याला खालची माणसं माकलीनचा बंगला म्हणायची. तात्या नोकरीला होते त्या ट्रस्टने तो आता दुरुस्त करून पिवळा रंगवलाय. आपली मागची दोन खोल्यांची जागा पाडली. टाकी मात्र ठेवली आहे. दर रविवारी तीस-चाळीस माणसं परळच्या बाजूने चढ चढून वर येतात आणि बरोबर बाराला स्पृहा त्यांना टाकीभोवती उभं करते.

ती काय सांगते ते तू ऐकलं नसशील. ती म्हणते, गोदीतल्या मॅकलिन नावाच्या इंजिनिअरने बंगला बांधला तेव्हापासून इथे एक बाई आहे. ही रात्री येत नाही. भर दुपारी येते, घरची माणसं जेवून लवंडली की. तिला स्वतःचं रूप नाही. ती घरच्या कामवालीचं रूप घेते. तेच लुगडं, तोच अंबाडा, तोच आवाज. मूल निमूट तिच्यामागून जातं, कारण बाई ओळखीची असते. फक्त तिचे पाय उलटे असतात, आणि मुलं पायांकडे बघत नाहीत. १९७९ साली ट्रस्टच्या हेडक्लार्कच्या चार वर्षांच्या मुलाला ती टाकीत घेऊन गेली. मुलाच्या बहिणीने वरच्या खिडकीतून ते पाहिलं.

एवढं झालं की लोक फोटो काढतात.

शंतनुचं नाव स्पृहा घेत नाही. तो तिचा मामा होता हेही सांगत नाही. तेवढा पोच आहे तिला. पण आता तिला ती कामवाली हवी आहे. "आई, जिचं रूप भुताने घेतलं ती खरी बाई जिवंत असेल तर? कोणीच तिला कधी विचारलं नाहीये," असं ती परवा जेवताना म्हणाली. ट्रस्टच्या जुन्या हजेरीपुस्तकात तिला नाव सापडलंय, चंपा रामजी गमरे, आणि पुढे तुमच्या चाळीचं नाव.

म्हणजे स्पृहा तुझ्या दारात येणार. तिला एवढंच सांग की आई थकली आहे, आईला काही आठवत नाही. या वयात खरंच आठवत नसेल. जुनं उकरून कोणाचं भलं झालंय? तुझ्या आईचाच विचार करून लिहिते आहे.

वाचून झालं की पत्र फाडून टाक.

सुनेत्रा


दादर,
२७ फेब्रुवारी

माया,

तुझं कार्ड मिळालं. पंचेचाळीस वर्षांनी एकच ओळ, तीही उघड्या पोस्टकार्डावर, पोस्टमनने आणि आमच्या वॉचमनने वाचावी अशी. 'तुझी मुलगी आली तर मी तिला खरं सांगेन.'

खरं म्हणजे काय गं? आपण दोघी बारा वर्षांच्या होतो. आई त्या दिवशी माहीमला मावशीकडे गेली होती. तात्या पुढच्या कचेरीत. शंतनु माझ्यावर सोपवला होता असं तू म्हणशील. बारा वर्षांच्या मुलीच्या भरवशावर कोणी मूल ठेवतं का? घरात तुझी आई होतीच. ती रॉकेलच्या रांगेत गेली होती हे मला नंतर कळलं.

आपण वरच्या बंद हॉलमध्ये मॅकलिनच्या मडमेच्या टोप्या घालून आरशापुढे उभ्या होतो. तिथे जायची तुला परवानगी नव्हती, मी तुला नेलं होतं, हे लक्षात ठेव. शंतनु खाली खेळत होता. मग तो टाकीत सापडला. एवढंच झालं.

"चंपा होती ना त्याच्याबरोबर?" असं तात्यांनीच मला विचारलं. मी हो म्हटलं. मोठं माणूस विचारतं तेव्हा लहान मुलं हो म्हणतात. तिने त्याला बोटाला धरून नेलं, हे मी नंतर हवालदाराला सांगितलं कारण आधी हो म्हणून बसले होते. तुझ्या आईला तीन दिवस चौकीत ठेवलं ते वाईटच झालं. पण रॉकेलवाल्याने रांगेत पाहिल्याचं लिहून दिलं तेव्हा सोडलीच ना? तेव्हाच मी म्हटलं की मग ती चंपाबाई नसेल, तिच्यासारखी दिसणारी कोणी असेल, तिचे पाय उलटे होते. त्यात तुझ्या आईची सुटकाच होती. दोष माणसावरून काढून भुतावर घातला. या बाजूने तू कधी विचार केलास?

आणि तुम्हाला आमच्या घरात कधी वेगळं वागवलं नाही. तुझी कपबशी खिडकीत निराळी असायची ती आईच्या सोवळ्यामुळे. चहा त्यात माझ्याइतकाच असायचा.

आता व्यवहाराचं. स्पृहा एकटी येणार नाही, तिच्याबरोबर कॅमेरे येतील. तुमची चाळ पाडून टॉवर व्हायचं चाललंय असं ऐकते. नव्या घरात नवे शेजारी येतील. त्यांना तुझी आई पहिल्या दिवसापासून 'ती बाई' म्हणून माहीत व्हायला हवी आहे का? तुझं नोकरीचं शेवटचं वर्ष आहे. माणसं तुझ्या हातून सुई टोचून घेतात. ती माणसंही मोबाइल बघतात.

मी धमकी देत नाही. असं होतं, एवढंच सांगते.

सुनेत्रा


दादर,
१९ मार्च

माया,

मी तुझ्या घरी येऊन गेले हे तुला शेजारच्या अक्षताने सांगितलंच असेल. स्पृहा कोणत्याही परिस्थितीत जाणारच होती. मी बरोबर असले तर लक्ष ठेवता येईल असं मला वाटलं. गुरुवारी दुपारी आलो, तू ड्यूटीवर असताना. वेळ मी निवडली होती.

तुझं घर किती स्वच्छ आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तुझा नर्सिंगचा फोटो, कडक टोपी घातलेला. चंपाबाई खाटेवर बसली होती, मार्चच्या उकाड्यात पायांवर गोधडी घेऊन. मला वाटलं ओळखणार नाही. तिने दारातच ओळखलं. "सुनूताई आल्या?" म्हणाली, आणि अक्षताला चहा टाकायला सांगितलं. मग जरा थांबून, "आमच्याकडचा घ्याल ना?" मी घेतला.

स्पृहाने फोन खाटेवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. वाईट वागली नाही, आजी आजी करत होती. "आजी, ती तुम्हाला कधी दिसली का? तुमच्यासारखीच?"

"मला कशी दिसंल? आरशात बघितलं तर मीच दिसते," चंपाबाई म्हणाली.

मग ती आपणहून बोलत गेली. चौकीतून सुटून आली त्या दिवशी नळावरच्या बायका तिच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. "आपलीच माणसं, विहारात येणारी. आपण भूतबित नाय मानत म्हणायची, आन तोंडानं बोलता बोलता खाली बघायची." कोणी धुण्याभांड्याला ठेवेना. पोळ्या लाटायच्या मंडळात गेली तर दुसऱ्या दिवशी नको म्हणाले. तेव्हापासून ती पाय झाकून बसते. तुला बघायला पाहुणे आले होते तेही म्हणे तुझ्याकडे न बघता तिच्या लुगड्याच्या काठाकडे बघत राहिले, आणि पुन्हा आले नाहीत. हे मला माहीत नव्हतं, माया. तू लग्न केलं नाहीस ते नोकरीमुळे असं मी धरून चालले होते.

स्पृहाने विचारलं, "आजी, पायांचा एक फोटो घेऊ?" मी नको म्हणायला हवं होतं. चंपाबाईने स्वतःच गोधडी काढली. "घे बाय. सरळ हायत." उजेड कमी होता म्हणून स्पृहाने तीनदा घेतला.

मग चंपाबाई माझ्याकडे वळली. जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं आहे.

"सुनूताई, मरायच्या आधी बोलायचं होतं. मी रांगेत होते, असंच मी सांगत आले. तो रॉकेलवाला बी बोलला. पण एवढी वर्सं सगळी एकच सांगतात. आता डोळं मिटलं की मला बाबा दिसतो, माझं बोट धरलेला. त्याचा हात चिकट, गूळ खाल्लेला. टाकीपातुर मी त्याला नेते, आन मग काय दिसत नाय. तुम्ही एवढीशी पोर. एवढीशी पोर खोटं कशाला बोलंल? माझ्याच हातनं झालं असंल. मला माफी करा."

अक्षताच्या हातातली गाळणी तशीच राहिली. स्पृहाने फोन तिच्या आणखी जवळ सरकवला.

खरं माझ्या ओठांवर आलं होतं असं मी तुला लिहिणार होते. ते खोटं आहे. ओठांवर काहीच आलं नाही. मला हलकं वाटलं. कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतंय आणि आपण हात वर करायचा तेवढाच, असं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "माफ केलं, चंपाबाई."

तिने माझा हात कपाळाला लावला. रडली. मग म्हणाली, चहा निवला असंल, दुसरा करायला सांगते.

परत येताना टॅक्सीत स्पृहाने रेकॉर्डिंग लावलं. "गोल्ड आहे हे, आई," म्हणाली. त्यात माझा आवाज आहे. शांत, समंजस, मोठ्या घरच्या बाईसारखा. तो ऐकून मला टॅक्सी थांबवून खाली उतरावं लागलं.

घरी आल्यावर मी स्पृहाला सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. आणि एका मुलीने दाराला कडी लावली, हे ऐकायला टेकडी चढून कोण येणार आहे?" परवा रविवारी तिने टाकीपाशी चंपाबाईचा आवाज लावला. 'माझ्याच हातनं झालं असंल' इथपर्यंत, आणि पाठोपाठ माझं 'माफ केलं'. दोघीतिघी रडल्या म्हणे.

म्हणून आता तुला लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या अक्षरात लिहिते.

शंतनु खाली खेळत नव्हता. तो हॉलच्या दारावर थापा मारत होता, मला पण टोपी, मला पण टोपी. तुझी आई रॉकेलच्या रांगेत जाताना मला सांगून गेली होती, "बाबाला बघा." मला माहीत होतं. मी दार किलकिलं केलं आणि त्याला म्हटलं, टाकीत मासे सोडलेत, जा बघून ये. मासे नव्हते. तो गेला आणि परत आला, दिसत नाहीत म्हणाला. मी म्हटलं, वाकून बघ. आणि कडी लावली. तू म्हणालीस, "सुनू, उघड, पडेल तो." मी कडीवर हात ठेवून उभी राहिले आणि तुला म्हटलं, गप्प बस, नाहीतर तू इथे आलीस हे तात्यांना सांगेन. मग आपण खिडकीशी गेलो तेव्हा टाकीपाशी कोणी नव्हतं. बाई नाही, शंतनु नाही.

तू हे सगळं चौकीत सांगितलंस. तात्या म्हणाले, "ही पोरगी वरच्या हॉलमध्ये काय करत होती?" आणि साहेबाने चोरीच्या संशयावरून तुमच्या घराची झडती घ्यायचं काढलं. तेव्हा तुझ्या आईनेच तुझ्या तोंडावर हात ठेवला.

तात्यांबद्दल मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. त्यांनी चंपाबाईचं नाव आधी घेतलं नाही, मी घेतलं. ती सुटली त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "सुनू, खरं काय ते सांग, मी रागावणार नाही." इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, तिचे पाय उलटे होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मग "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून उलट्या पायांची गोष्ट तेच भेटेल त्याला सांगू लागले. आईने तर मरेपर्यंत दर अमावास्येला त्या बाईसाठी टाकीवर नारळ ठेवला.

हे पत्र फाडू नकोस. चंपाबाईला वाचून दाखव. मला समोर बसून ते जमणार नाही. पण तुझ्याकडून ऐकलं तरी चालेल.

सुनेत्रा


काळाचौकी,
२ एप्रिल २०२४

सुनेत्रा,

तुझं पत्र मी रविवारी आईला वाचून दाखवलं. अक्षताला शेजारी बसवलं होतं, म्हणजे मी मनाचं घुसडलं असं उद्या कोणी म्हणायला नको. कडीपर्यंत आले तेव्हा ती ओळ दोनदा वाचली. ही गोष्ट बारा वर्षांची असल्यापासून मी तिला सांगत आलेय. दर वेळी ती म्हणायची, माया, मोठ्या लोकांच्या पोरीवर आळ घेऊ नये. या वेळी मला वाटलं, अक्षर तुझंय, आता तरी तिला पटेल.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "लई मोठ्या मनाची पोर. माझं पाप आपल्या अंगावर घेते."

मी म्हटलं, "आई, तिने केलंय ते. तिच्या हाताने लिहिलंय, बघ."

"म्हणून तर म्हणते. माझ्यासाठी कोण एवढं लिहील? तू तिच्याबद्दल मनात वाईट ठेवू नको."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, सावकाश. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. अक्षता मला म्हणाली, "मावशी, बस झालं."

तुझ्या मुलीला मी फोन केला होता. तो आवाज काढून टाक म्हणाले. ती म्हणाली, आजींनी परवानगी दिली होती, रेकॉर्डिंगमध्ये आहे. बरोबर आहे. आईने हो म्हटलंय, मी ऐकलं.

तुझा कागद घेऊन मी पोलिसांत जाऊ शकते, ट्रस्टकडे जाऊ शकते. जाऊन काय करू? जिच्यासाठी जायचं तीच तुझ्या बाजूने साक्ष देईल.

तू आलीस त्या दिवसापासून तिला बरं वाटतंय. जेवण जातंय. शेजारी सांगते, सुनूताईंनी माफ केलं. तीन दिवस चौकीत मार खाऊन जे तिने कबूल केलं नव्हतं ते ती आता दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हसत. नळावरच्या बायका माना डोलावतात. त्या इतकी वर्षं चुकल्या नव्हत्या, हे त्यांना आता कळलंय.

मला आता एकच ठरवायचं आहे, तिला यातून बाहेर काढायचं की असंच मरू द्यायचं. नर्स म्हणून पस्तीस वर्षांत माणसांच्या घरच्यांना मी अशा वेळी काय करायचं ते सांगत आलेय. इथे मला काही सुचत नाही.

रोज विचारते, सुनूताई परत कधी येणार. नाचणीचे लाडू कर म्हणते, लहानपणी तिच्या हातचे तू तुझ्या आईची नजर चुकवून खायचीस. काल मी केले. तिच्या समोर डब्यात भरले, दादरला देऊन येते म्हणून निघाले आणि वॉर्डात नेऊन वाटून टाकले. संध्याकाळी तिने विचारलं, आवडले का? मी हो म्हटलं.

येऊ नकोस. लिहू नकोस.

माया